योनाचे चिन्ह: लूक ११:२९-३२ अभ्यासगटात कसे घ्यावे

राखेच्या बुधवारनंतर (उपवासकाळाच्या पहिल्या दिवसानंतर) बरोबर आठवड्याने कॅथलिक मिस्सात योना ३:१-१० आणि लूक ११:२९-३२ ही वाचने एकत्र येतात. योना हा निनवे शहराला ताकीद द्यायला पाठवलेला संदेष्टा. लूकमध्ये येशू म्हणतो: ही पिढी चिन्ह मागते, पण योनाच्या चिन्हावाचून तिला दुसरे मिळणार नाही; निनवेचे लोक आणि दक्षिणेची राणी न्यायाच्या वेळी तिला दोषी ठरवतील. अभ्यासगटातही दोन्ही मिळूनच घ्यावीत. एकट्या लूकवर बसलो तर चर्चा ‘आज चमत्कार होतात का’ इथे अडकते आणि पश्चात्ताप बाजूलाच राहतो. दीड तास हाताशी ठेवा.

आधी योनाचे पुस्तक मोठ्याने, सलग वाचा. चार अध्याय, ४८ वचने. दहाएक मिनिटे लागतात. हे टाळू नका, कारण बहुतेकांना लहानपणापासून आठवतो तो फक्त योनाला गिळणारा मासा. ३:४ ला थांबा. निनवेत योनाने केलेला संदेश मूळ हिब्रूत अवघा पाच शब्दांचा आहे: अजून चाळीस दिवस, मग निनवे उलथणार. त्यात चमत्कार नाही, क्षमेचे आश्वासनही नाही. निनवेकरांना माशाची गोष्ट ठाऊक होती असेही कुठे म्हटलेले नाही. त्यांच्यापुढे होता तो एक माणूस आणि त्याचे शब्द. ‘उलथणार’ यासाठी जे हिब्रू क्रियापद आहे, तेच उत्पत्तीतल्या सदोम शहराच्या नाशासाठी येते. पण ‘पालटणे’ हाही त्याचा अर्थ आहे. शहर उलथले नाही, पालटले. ही जागा गटाला सावकाश पाहू द्या.

पुढे ३:५-१० मध्ये लोकांनी काय काय केले त्याची यादी फळ्यावर लिहा. उपास, गोणताट (शोकाचे जाडेभरडे वस्त्र), सिंहासनावरून उतरून राखेत बसलेला राजा, गोणताट पांघरलेली गुरेसुद्धा. मग दहावे वचन पुन्हा वाचा. देवाने काय पाहिले? गोणताट नव्हे. ते आपल्या कुमार्गापासून फिरले, ती कृती पाहिली. आठव्या वचनात राजाची आज्ञा नेमकी आहे: प्रत्येकाने आपल्या हातचा जुलूम सोडावा.

आता लूक. वाचन २९ पासून नको, ११:१४ पासून सुरू करा. येशूने भूत काढल्यावर मुका माणूस बोलू लागला आहे, लोक थक्क झाले आहेत; तरी काही जण हे बालजबूलचे, म्हणजे भुतांच्या अधिपतीचे, काम म्हणतात आणि काही जण येशूची परीक्षा पाहण्यासाठी आकाशातून चिन्ह मागतात. म्हणजे चिन्ह समोर बोलत असताना आणखी एक हवे आहे. हा संदर्भ सुटला की ‘देवाकडे खूण मागणे हेच पाप’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. जुन्या करारातल्या गिदोनाने लोकरीची खूण मागितली ती देवाने दिली. यशया ७ मध्ये तर आहाज राजाला चिन्ह माग असे सांगितले होते. दोष आहे तो, न वळण्यासाठी चिन्हाची सबब करण्यात.

मत्तय १२:३८-४२ शेजारी ठेवा. तिथे योनाचे चिन्ह म्हणजे माशाच्या पोटातले तीन दिवस व तीन रात्री, अर्थात मरण आणि पुनरुत्थान. लूक तीन दिवसांचा उल्लेखच करत नाही. त्याच्याकडे योना स्वतःच चिन्ह आहे. दोन्ही अर्थ जपा, एकाने दुसरा पुसू नका. शुक्रवार ते रविवार हे ७२ तास कसे, हा प्रश्न हमखास येतो. यहुदी गणनेत दिवसाचा अंशही दिवस धरला जाई. एस्तेर ४:१६ आणि ५:१ ताडून दाखवा आणि पाच मिनिटांत पुढे जा. मासा कोणत्या जातीचा, यावर एक मिनिटही नको.

सगळ्यात जास्त वेळ ‘पश्चात्ताप’ या शब्दाला द्या. मराठीत तो कानाला ‘नंतर होणारी जळजळ’ असाच लागतो, आणि रडू आले म्हणजे काम झाले असे वाटते. ‘मेटानोइया’ या ग्रीक शब्दात मन पालटणे आहे. संदेष्ट्यांच्या हिब्रू ‘शूब’मध्ये सरळ मागे फिरणे आहे. ‘प्रायश्चित्त’ हा शब्दही इथे जपून वापरावा. त्याने दंड भरून मोकळे होण्याचा वास येतो.

दक्षिणेची राणी आणि निनवेचे लोक, दोघेही परके. शलमोन राजाचे ज्ञान ऐकायला ती दूरवरून आली, निनवेकर एका शब्दावर वळले. चिन्ह कोणीच मागितले नाही. इथे ‘यहुदी लोक असेच’ असे कोणी म्हणू लागले तर तिथेच थांबवा. येशू, त्याचे शिष्य आणि योनाही यहुदीच होते, आणि यहुदी सभास्थानांत आजही योम किप्पूर या उपासाच्या पवित्र दिवशी दुपारी योनाचे पुस्तक वाचतात, स्वतःच्या पश्चात्तापासाठी. ‘ही पिढी’ हा आरसा वाचणाऱ्याकडे धरलेला आहे.

शेवटची पंधरा मिनिटे लूक ३:१०-१४ वाचा. ‘आम्ही काय करावे?’ या प्रश्नाला बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाची उत्तरे अगदी हाताला लागणारी आहेत: दोन अंगरखे असतील तर एक द्या, ठरल्यापेक्षा जास्त कर घेऊ नका, कोणाला धाकदपटशा करून पैसे उकळू नका. मग प्रत्येकाने कागदावर एकच ओळ लिहावी: कोणाचे काय परत करायचे, किंवा कोणते काम थांबवायचे, आणि कोणत्या दिवसापर्यंत. ‘प्रार्थना वाढवीन’ अशी ओळ आली तर ती पुन्हा लिहायला सांगा. कागद गोळा करू नका, वाचूनही घेऊ नका. ज्याचा त्याने घरी न्यावा.