कॅज्युअल्टीच्या दारात काय आणि कसे सांगावे: स्त्रियांचे तातडीचे आजार आणि तान्ही मुले

रुग्णालयाच्या अपघात विभागात, म्हणजे आपण ज्याला कॅज्युअल्टी म्हणतो तिथे, रुग्ण आलेल्या क्रमाने तपासले जात नाहीत. कोणाला आत्ता, कोणाला थोड्या वेळाने आणि कोणाला रांगेत, हे तिथले डॉक्टर आणि सिस्टर पहिल्या एक-दोन मिनिटांत ठरवतात. अपघातात हाड मोडलेल्या माणसाची गंभीरता डोळ्यांना दिसते. दोन प्रकारच्या रुग्णांची मात्र वरवर पाहता लक्षात येत नाही. एक, जिच्या पोटात रक्तस्राव होत आहे अशी स्त्री, जी संकोचापोटी ‘पोटात दुखतंय’ यापलीकडे काही बोलत नाही. दुसरे, दोन-चार महिन्यांचे मूल, ज्याला बोलताच येत नाही. या दोघांच्या बाबतीत सोबत आलेल्या माणसाचे पहिले वाक्य तपासणीइतकेच मोलाचे असते. म्हणून घरी काय पाहायचे, कसे आणायचे आणि दारात काय सांगायचे, हे आधीच माहीत असलेले बरे.

पंधरा ते पन्नास या वयातल्या कोणत्याही स्त्रीच्या ओटीपोटात अचानक जोराचे दुखू लागले, तर पहिला प्रश्न पाळीचा असतो. पाळी चुकली आहे, एका बाजूला दुखते आहे, थोडेसे अंगावरून गेले आहे, चक्कर येते आहे किंवा खांद्याच्या टोकाशी दुखते आहे, यांपैकी दोन-तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर गर्भ पिशवीऐवजी नळीत रुजला असण्याची शक्यता धरावीच लागते. नळी फुटली की रक्त पोटात साचते. बाहेर चार थेंबही दिसत नाहीत आणि बाई मात्र पांढरीफटक पडत जाते. बाहेरचा रक्तस्राव कमी आहे म्हणून धीर धरणे हीच इथली सर्वांत मोठी चूक ठरते. ‘तिचे कुटुंबनियोजनाचे ऑपरेशन झाले आहे, दिवस जाणे शक्य नाही’ असे घरचे ठामपणे सांगतात, पण हे ऑपरेशन क्वचित अयशस्वी होते आणि अशा वेळी राहिलेला गर्भ नळीतला असण्याचा संभव अधिक असतो. त्यामुळे ऑपरेशन झालेले असले, तांबी बसवलेली असली, तरी लघवीची गर्भचाचणी करून घ्यावी. तिला काही मिनिटे लागतात आणि पुढची सारी दिशा तीच ठरवते.

रक्तस्राव किती, हे सांगताना ‘खूप’ हा शब्द उपयोगाचा नाही. एक पॅड किंवा घडी किती वेळात पूर्ण भिजते ते सांगावे. तासाभरात एक पॅड पूर्ण भिजत असेल आणि असे सलग दोन तास चालले असेल, मोठ्या गाठी पडत असतील, उभे राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर सकाळची वाट पाहू नये. गर्भपात होत असताना मांसल तुकडा पडला असेल तर तो स्वच्छ डब्यात घालून सोबत न्यावा, कारण गर्भ पूर्ण पडला की काही भाग आत राहिला, याचा अंदाज त्यावरून घेता येतो. गर्भपाताच्या गोळ्या घेतल्या असतील, कोणी घरी किंवा बाहेर काही प्रयोग केला असेल, तर तेही स्पष्ट सांगावे. ताप, दुर्गंधीयुक्त स्राव आणि पोटदुखी एकत्र असतील तर जंतुसंसर्ग रक्तात पसरण्याचा धोका असतो, आणि लपवलेली माहिती तिथे जिवावर बेतते. १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यात २०२१ साली झालेल्या दुरुस्तीनुसार गर्भपात करून घेणाऱ्या स्त्रीची ओळख गुप्त ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. लैंगिक अत्याचार झालेल्या स्त्रीवर किंवा मुलीवर सरकारी आणि खाजगी, दोन्ही रुग्णालयांनी तातडीने मोफत उपचार करायचे असतात. पोलिसांत तक्रार नोंदवली नाही म्हणून उपचार थांबवता येत नाहीत. गर्भधारणा टाळण्याची गोळी आणि एचआयव्ही प्रतिबंधक औषधे ७२ तासांच्या आत, आणि जितक्या लवकर तितकी अधिक परिणामकारक असल्याने, अंघोळ किंवा कपडे बदलण्यासाठीही थांबू नये.

अविवाहित मुलीला विचारण्याचे प्रश्न नातेवाइकांसमोर विचारले तर खरे उत्तर मिळत नाही. आई-वडिलांनी स्वतःहून ‘तुम्ही तिच्या एकटीशी बोला’ असे डॉक्टरांना सांगून बाहेर थांबावे. मला ही गोष्ट सोनोग्राफीइतकीच आवश्यक वाटते. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत केलेल्या आणि १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग असल्याचे आढळले, आणि अभ्यासातल्या जेमतेम ८ टक्के स्त्रियांची त्यापूर्वी कधी तपासणी झालेली होती. दुखणे अंगावर काढण्याची ही सवय कॅज्युअल्टीच्या दारापर्यंत सोबत येते. अंडाशयाला पीळ पडतो तेव्हा एका बाजूला अचानक असह्य कळ येते आणि उलट्या होतात. ही कळ मध्येच कमीही होते आणि बाई घरी थांबते. पण पीळ वेळेत सुटला नाही तर अंडाशय निकामी होतो. शस्त्रक्रियेची शक्यता असल्याने अशा कोणत्याही पोटदुखीत वाटेत चहा, बिस्किटे देऊ नयेत.

गरोदर स्त्री आणि बाळंतीण यांची गोष्ट वेगळी आहे, आणि धोका बाळंतपणाबरोबर संपत नाही. सतत डोके दुखणे, डोळ्यांपुढे धूसर होणे, पोटाच्या वरच्या भागात दुखणे, चेहऱ्यावर सूज, ही रक्तदाब वाढल्याची चिन्हे आहेत. १६०/११० किंवा त्याहून अधिक दाब असेल तर ती तातडीचीच अवस्था होय. झटके आले तर पाचव्या महिन्यानंतरच्या गरोदर स्त्रीत आणि प्रसूतीनंतर सहा आठवड्यांपर्यंत ते गर्भावस्थेतल्या रक्तदाबाचे आहेत असे धरूनच उपचार सुरू होतात, आणि त्यावर मॅग्नेशियम सल्फेटचे इंजेक्शन लागते. घरी तिला डाव्या कुशीवर वळवावे, तोंडात चमचा घालू नये, कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ दवडू नये. ‘प्रसूती किती दिवसांपूर्वी झाली’ हे वाक्य तिच्या बाबतीत सर्वप्रथम सांगावे, कारण पोट सपाट दिसणाऱ्या बाईकडे बाळंतीण म्हणून कोणी पाहत नाही.

आता लहान मुलांकडे वळू. पाच वर्षांखालच्या मुलात चार गोष्टींपैकी एकही दिसली तर रांगेत थांबायचे नसते: मूल अंगावर पीत नाही किंवा काहीच गिळत नाही, घेतलेले सगळे उलटून टाकते, त्याला झटके आले आहेत, किंवा ते सुस्त पडले आहे आणि हाक मारूनही नीट जागे होत नाही. मुलाला नुसता ताप असणे आणि तापात मूल निपचित असणे यांत फार अंतर आहे. गुंगीत गेलेले मूल ‘शांत झोपले आहे’ असे समजून त्याला पांघरूण घातले जाते, तिथे घरच्यांनी जास्त सावध असायला हवे.

श्वास मोजणे ही कोणत्याही आईला, आजीला, आशाताईला जमणारी तपासणी आहे. मूल शांत असताना, रडत किंवा पीत नसताना, अंगातले झबले वर करून पोटाची हालचाल पूर्ण एक मिनिट मोजावी. दोन महिन्यांखालच्या बाळात ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांत ४० किंवा अधिक श्वास म्हणजे श्वास जलद आहे. दोन महिन्यांखालच्या बाळाचा पहिला आकडा जास्त आला तर पुन्हा एकदा मोजून खात्री करावी. श्वास आत घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, बाळ कण्हत असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर मोजत बसू नये, निघावे.

दोन महिन्यांखालच्या बाळाला वेगळे नियम लागतात. काखेतले तापमान ३७.५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक, किंवा ३५.५ हून कमी, ही दोन्ही धोक्याची लक्षणे आहेत. हातपाय गार पडलेले बाळ तापलेल्या बाळाइतकेच आजारी असते. पहिल्या २४ तासांतली कावीळ, तळहात-तळपायांपर्यंत उतरलेला पिवळेपणा आणि बेंबीभोवतीची लाली यांसाठी घरगुती उपाय करू नयेत. बाळाला नेताना आईने ते छातीशी उघड्या त्वचेला लावून, टोपी घालून, वरून पांघरूण घेऊन न्यावे, आणि पीत असेल तर वाटेत पाजत राहावे.

जुलाबात डोळे खोल गेले, पोटाची चिमटीत धरलेली त्वचा सावकाश मागे गेली, मूल पाणी पाहून झडप घालू लागले, तर शरीरातले पाणी कमी झाले आहे. रुग्णालयात पोहोचेपर्यंत जलसंजीवनी चमच्याचमच्याने चालू ठेवावी. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा द्यावी. मूल गुंगीत असेल तर मात्र तोंडावाटे काही देऊ नये. तापात झटका आला तर मुलाला कुशीवर निजवून घड्याळ पाहावे, आणि दुसरे कोणी सोबत असेल तर मोबाइलवर चित्रीकरण करावे, कारण डॉक्टरांपर्यंत पोहोचेस्तोवर झटका बहुधा थांबलेला असतो. पाच मिनिटांहून अधिक चाललेला झटका औषधानेच थांबवावा लागतो. मेळघाटासारख्या भागात आजही तान्ह्या मुलांच्या पोटावर चटके दिले जातात. त्याने आजार हटत नाही, फक्त जखम आणि उशीर पदरात पडतो. कोकणात विंचू चावलेल्या मुलाला दरदरून घाम सुटला, हातपाय गार पडले तर हृदयावर परिणाम सुरू झाला आहे असे समजावे. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यापासून यावर परिणामकारक उपचार हाताशी आहे, पण तो वेळेत मिळायला हवा.

वाहनासाठी महाराष्ट्रात १०८ किंवा गरोदर स्त्री, बाळंतीण आणि तान्हे बाळ यांच्यासाठी १०२ हा क्रमांक फिरवावा. गोव्यातही १०८ चालतो. २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात प्रसूती, सिझेरियन, औषधे, रक्त आणि ने-आण सरकारी रुग्णालयात मोफत आहे आणि आजारी बाळालाही ही सोय मिळते. फोनवरच विचारावे की जवळच्या ग्रामीण रुग्णालयात रक्त, भूल देणारे डॉक्टर आणि नवजात अतिदक्षता कक्ष यांपैकी काय उपलब्ध आहे. मात्र रक्तदाब खालावलेल्या बाईला किंवा श्वास अडकलेल्या बाळाला मोठ्या रुग्णालयाच्या ओढीने जवळचे केंद्र ओलांडून नेऊ नये. सलाइन, ऑक्सिजन, पहिले इंजेक्शन तिथेच मिळते आणि पुढचा प्रवास त्यामुळे सुरक्षित होतो.

दारात केस पेपर काढण्याच्या रांगेत उभे राहण्यापूर्वी सिस्टरला गाठून एका दमात सांगावे: ‘बाई अठ्ठावीस वर्षांची, पाळी दीड महिन्यापूर्वी आलेली, सकाळपासून पोटात कळ, दोनदा चक्कर येऊन पडली.’ किंवा: ‘बाळ तीन महिन्यांचे, काल रात्रीपासून पीत नाही, श्वास मिनिटाला ६८, सहा तासांत लघवी नाही.’ घेतलेल्या औषधांची पाकिटे, माता-बाल संरक्षण कार्ड आणि मुलाचे शेवटचे वजन सोबत असावे, कारण मुलाचा प्रत्येक डोस वजनावर ठरतो. थांबायला सांगितले आणि दरम्यान रुग्णाची अवस्था बिघडली, तर पुन्हा जाऊन ‘मघापेक्षा काय बदलले’ तेवढेच सांगावे. आरडाओरडा केल्याने लक्ष वेधते, पण माहिती पोहोचत नाही.

दुसरीकडे पाठवायचे ठरले तर संदर्भ चिठ्ठीवर दिलेली औषधे आणि त्यांच्या वेळा लिहून घ्याव्यात आणि पुढच्या रुग्णालयाला फोन झाला का, हे विचारावे. घरी सोडताना गर्भपात किंवा नळीतला गर्भ झालेल्या स्त्रीचा रक्तगट पाहावा. तो आरएच निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शन ७२ तासांच्या आत द्यायचे असते, आणि गडबडीत ते राहून जाते. मुलाच्या बाबतीत कोणते लक्षण दिसल्यास त्याच रात्री परत यायचे, हे डॉक्टरांकडून कागदावर मराठीत लिहून घ्यावे, म्हणजे घरी राहिलेल्या आजीलाही ते वाचता येईल.