ड्रायव्हरमधल्या लॉकचा माग काढण्याआधी

लिनक्सच्या ड्रायव्हरमध्ये लॉक (सामायिक डेटाला एका वेळी एकानेच हात लावावा म्हणून घातलेलं कुलूप) अडकलं की बरेच जण आधी कोडभर प्रिंटके, म्हणजे लॉगमध्ये ओळ छापणारे कॉल, टाकत सुटतात. त्याने वेळेचं गणित बदलतं आणि बग दडून बसतो. आधी कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, नीट बांधून (कंपाइल करून) घ्या. कॉन्फिगमध्ये प्रूव्ह लॉकिंग चालू करा, त्याच्याबरोबर लॉकडेप, म्हणजे लॉक घेण्याचे क्रम तपासणारा कर्नलमधला तपासनीस, येतोच. डीबग अ‍ॅटॉमिक स्लीपही हवं, म्हणजे स्पिनलॉक (ज्याची वाट पाहणारा न झोपता जागीच फिरत राहतो ते लॉक) धरून कुणी झोपू शकणारं फंक्शन बोलावलं तर तिथल्या तिथे कळतं. डीबग इन्फो ठेवा आणि त्याच बिल्डचं व्हीएमलिनक्स (कर्नलची न आवळलेली मूळ फाइल) जपा. नाहीतर स्टॅक ट्रेसमधल्या पत्त्यांवरून कोडची ओळ काढता येणार नाही. हा कर्नल हळू चालणारच. वेग मोजायला वेगळा बिल्ड घ्या.

मशीनला सीरियल कन्सोल किंवा नेटकन्सोल (कर्नलचे संदेश केबलवरून किंवा नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनवर पाठवणारी सोय) जोडून ठेवा, कारण मशीन गोठलं की शेवटच्या ओळी डिस्कपर्यंत पोहोचतीलच असं नाही. सिसआरक्यू (कर्नलला थेट आज्ञा देणारी की) चालू आहे का पाहा: त्यातलं ‘डी’ कुणी कोणतं लॉक धरलंय ते दाखवतं, ‘डब्ल्यू’ अडकून पडलेले टास्क दाखवतं. हंग टास्कचा इशारा एरवी 120 सेकंदांनी येतो, तोवर रीसेटला हात लावू नका.

आता सगळ्यांत महत्त्वाचं, आणि नेमकं हेच राहून जातं. लॉकडेप पहिली तक्रार छापतो आणि स्वतः बंद होतो. बूट होताना दुसऱ्याच कुठल्या ड्रायव्हरबद्दल तो बोलून गेला असेल, तर तुमचा ड्रायव्हर दिवसभर पिटाळलात तरी लॉग कोरा राहील, आणि त्या कोऱ्या लॉगला काही अर्थ नसेल. म्हणून प्रत्येक चाचणीच्या आधी आणि नंतरही प्रॉकमधली (कर्नलची माहिती फाइल्सच्या रूपात दाखवणाऱ्या फोल्डरमधली) लॉकडेप_स्टॅट्स ही फाइल उघडा; डीबग_लॉक्ससमोर 1 हवा. बंदिस्त लायसन्सचं मॉड्यूल चढवलं तरी ही तपासणी बंद पडते, तेव्हा तसली मॉड्यूल्स बाजूला ठेवा.

लॉकडेपला खरा डेडलॉक (एकमेकांची वाट पाहत कायमचं अडकणं) घडावा लागत नाही, पण लॉक घेण्याचा प्रत्येक क्रम एकदा तरी चालावा लागतो. म्हणून वाटा लिहून काढा: प्रोब (ड्रायव्हर डिव्हाइसला जोडला जाताना), ओपन, इंटरप्ट (हार्डवेअरने मध्येच दिलेली हाक), सस्पेंड, रिझ्युम, टाइमआउट, चालू कामात केबल उपसणं, रिमूव्ह (ड्रायव्हर डिव्हाइसपासून सुटताना). रिमूव्हवर जास्त वेळ द्या. म्युटेक्स (ज्याची वाट पाहणारा झोपू शकतो ते लॉक) धरून कॅन्सल_वर्क_सिंक बोलावलेलं असतं, म्हणजे मागे सोपवलेलं काम (वर्क) रद्द करून ते चालू असेल तर संपेपर्यंत थांबणारं फंक्शन, आणि त्या वर्क फंक्शनला तेच म्युटेक्स हवं असतं. रिमूव्ह वर्क संपायची वाट पाहतो, वर्क म्युटेक्स सुटायची. सिसएफएसमधून (डिव्हाइस आणि ड्रायव्हर फाइल्सच्या रूपात दाखवणाऱ्या फोल्डरमधून) बाइंड-अनबाइंड, म्हणजे ड्रायव्हर जोडणं-सोडणं, करत राहा आणि त्याच वेळी डिव्हाइसवर काम चालू ठेवा.

तक्रार आलीच तर ती वाचायची तयारीही हवी. ‘इन्कन्सिस्टंट लॉक स्टेट’ दिसलं की त्याचा अर्थ बहुधा असा: हे स्पिनलॉक एकीकडे इंटरप्ट चालू ठेवून घेतलंय आणि दुसरीकडे इंटरप्ट हँडलरमध्ये. लॉक धरलेलं असताना त्याच सीपीयूवर इंटरप्ट आला की हँडलर तिथेच फिरत राहतो, कारण लॉक सोडणारा कोड त्याच्याखाली थांबलेला असतो. छापलेला ट्रेस पुष्कळदा हँडलरचा असतो, म्हणून लोक हँडलर बदलायला जातात. बदल सहसा दुसऱ्या टोकाला हवा असतो: जिथे इंटरप्ट चालू ठेवून लॉक घेतलंय, तिथे इंटरप्ट थांबवून लॉक घेणारं स्पिन_लॉक_आयआरक्यूसेव्ह वापरा.

‘पॉसिबल रिकर्सिव्ह लॉकिंग’ आलं तर लगेच नेस्टेड (एकाच वर्गाचं दुसरं लॉक मुद्दाम घेतोय असं लॉकडेपला सांगणारी खूण) लिहून मोकळं होऊ नका. लॉकडेप लॉकचा वर्ग ओळखतो, त्यामुळे एकाच जातीच्या दोन डिव्हाइसची लॉक त्याला सारखीच दिसतात. पण त्या दोघांत आधी कोणतं घ्यायचं हे कोडमध्ये खरंच ठरलेलं आहे का? नसेल तर नेस्टेडमुळे फक्त तक्रार गप्प होते. क्रम ठरवा, स्ट्रक्टच्या वर कॉमेंटमध्ये लिहा आणि लॉक धरलेलंच असणार असं गृहीत धरणाऱ्या फंक्शनमध्ये लॉकडेप_अ‍ॅसर्ट_हेल्ड घाला.

लॉग साठवताना तक्रारीच्या पहिल्या ओळीपासून पूर्ण घ्या, कॉन्फिग आणि कमिटसकट.