आईच्या ईसीएचएस कार्डाच्या नावाचं लफडं कसं सुटलं (माझा अनुभव)

आमचे आप्पा मराठा लाइट इन्फन्ट्रीतनं रिटायर, गाव गडहिंग्लजकडं. आईचं ईसीएचएस (माजी सैनिक आणि त्यांच्या घरच्यांसाठीची सरकारी आरोग्य योजना) कार्ड काढायला ऑनलाइन अर्ज केला तर परत आला, कारण आप्पांच्या डिस्चार्ज बुकात (लष्करातनं सुटताना मिळतं ते पुस्तक) आणि पीपीओवर (पेन्शन मंजुरीचा कागद) आईचं माहेरचं नाव आणि आधारवर लग्नात बदललेलं नाव. आपल्याकडं निम्म्या घरांत हीच गत असणार. सायबरवाला म्हणाला आधारच बदला, पण ते नको, कारण मग पॅन, बँक, रेशनकार्ड सगळंच बदलत बसायचं.

मग कोल्हापुरात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेलो, तिथल्या एका जुन्या हवालदार काकांनी नीट सांगितलं की दुरुस्ती लष्कराच्या रेकॉर्डला करून घ्यायची. दोन्ही नावं एकाच बाईची असं अॅफिडेव्हिट, आधार, पीपीओची झेरॉक्स आणि आप्पांच्या सहीचा अर्ज, हे सगळं बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला दिलं. वेळ लागला, पण पार्ट टू ऑर्डर (रेकॉर्डात बदल नोंदवल्याचा लष्करी आदेश) निघाली, मग पीपीओत नाव दुरुस्त झालं आणि नव्यानं भरलेला अर्ज पास झाला. आता शुगरच्या गोळ्या ईसीएचएसच्या पॉलिक्लिनिकमधनंच (त्यांचा दवाखाना) फुकट मिळतात, महिन्याचा बराच खर्च वाचला बघा.

आणि एक, इमर्जन्सीत ईसीएचएसच्या यादीत नसलेल्या हॉस्पिटलात पेशंट ठेवावा लागला तर ४८ तासांच्या आत जवळच्या पॉलिक्लिनिकला कळवा, नाहीतर बिलाचा क्लेम अडकतो.