हातापायाला मुंग्या? लगेच मणक्यावर खापर फोडू नका

आपल्याकडं हाताला चार दिवस मुंग्या आल्या की गावातच निदान ठरतं: ‘नस दबली’ नाहीतर ‘मणक्यात गॅप पडला’. मग उसनवारी करून लातूर किंवा संभाजीनगर गाठायचं, एमआरआय काढायचा आणि ती मोठी पिशवी घेऊन डॉक्टर बदलत फिरायचं. पाय दाखवा म्हटलं की लोक पिशवीच पुढं करतात.

सगळ्यात महाग पडणारी चूक ती हीच. मणक्यातून निघणारी प्रत्येक नस कातडीचा ठरलेला पट्टा सांभाळते. मानेतली सहावी नस अंगठा आणि तर्जनीकडं जाते, सातवी मधल्या बोटाकडं, आठवी करंगळीकडं. कमरेतली पाचवी पावलाच्या वरच्या बाजूनं अंगठ्यापर्यंत पोचते, तिच्याखालची नस (तिला एस-वन म्हणतात) पायाची करंगळी आणि तळव्याची बाहेरची कड धरते. दोन मणक्यांमधली गादी सरकून नस दबली तर बधिरपणा बहुतेक वेळा एकाच बाजूला, अशा पट्ट्यात असतो आणि खोकलं-शिंकलं की कळ खाली उतरते. दोन्ही पावलं बोटांपासून वर सारखीच बधिर होत असतील, तर आधी रक्त तपासायचं: साखर, बी-ट्वेल्व्ह जीवनसत्त्व, थायरॉइड. हा खर्च एमआरआयच्या मानानं किरकोळ आहे.

परभणीकडच्या एका माळकरी आजोबांचं असंच झालं. दोन्ही तळपायांना मुंग्या, अंधारात तोल जायचा, तोंड धुताना डोळे मिटले की झोकांडी. एमआरआयमध्ये एल-फोर, एल-फाइव्हची, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी फुगलेली निघाली. साठीनंतर ती बहुतेकांची फुगते, ज्यांची कंबर कधीच दुखली नाही त्यांचीही. पण रिपोर्टात छापून आलं म्हटल्यावर कमरेला पट्टा, ट्रॅक्शन म्हणजे वजन लावून कंबर ताणणं, झोपून राहणं, सगळं झालं. मधेच ‘रक्त कमी आहे’ म्हणून कुणीतरी नुसतं फॉलिक अ‍ॅसिड दिलं. त्यानं हिमोग्लोबिन सुधारलं, नसांची झीज मात्र आतून चालूच राहिली. शेवटी घोट्यावर ट्यूनिंग फोर्क, म्हणजे थरथरणारा धातूचा चिमटा टेकवला, तर त्यांना कंपच कळेना. बी-ट्वेल्व्ह तळाला गेलेलं होतं: जन्मभर शाकाहार, दूधही बेताचंच, वर मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन. इंजेक्शनांनी मुंग्या गेल्या, पण तोल पुरता परत आला नाही. मज्जारज्जूला इजा होऊन फार दिवस झाले की तेवढंच हाती लागतं.

याची उलट बाजूही आहे. काहीही झालं की ‘लाल सुई’, म्हणजे बी-ट्वेल्व्हचं इंजेक्शन, टोचून घ्यायची आणि मग रक्त तपासायचं. अशानं आकडा चांगला येतो आणि निदान हुकतं. आधी रक्त द्या, मग सुई.

रात्री हात बधिर होऊन जाग येते आणि झटकला की बरं वाटतं, ही तक्रार बहुधा मनगटातल्या नसेची. हातानं धारा काढणाऱ्या बायकांत ती हमखास दिसते. झोपताना मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधा. खुरपणीला तासन्‌तास उकिडवं बसल्यावर पाऊल उचलेनासं झालं, पण कंबर दुखत नाही आणि पाऊल आत वळवता येतं, तर नस गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला दबलेली असते. दर अर्ध्या तासाला उभं राहा. कातडीवर फिकट चट्टा आणि तिथंच स्पर्श कळत नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात कुष्ठरोगाची तपासणी करा. औषध फुकट मिळतं. तोंड वाकडं होऊन अचानक एक हात-पाय बधिर झाला तर तो लकवा, मालिशवाल्याकडं नाही, थेट दवाखान्यात.

मान मोडून घेण्याचा शौक मात्र अजिबात नको. सदऱ्याची बटणं लावायला वेळ लागतो, चप्पल पायातून निसटल्याचं कळत नाही, चालताना पाय ताठ पडतात, ही मानेत मज्जारज्जू दबल्याची लक्षणं आहेत. अशा मानेला झटका दिला तर चालत गेलेला माणूस खाटेवर परत येऊ शकतो. इथं एमआरआय खरंच हवा, आणि तोही मानेचा. पाय लटपटतात म्हणून लोक कमरेचाच काढून आणतात.

साधी सरकलेली गादी सहा ते बारा आठवड्यांत बहुतेकांची निवळते. तेवढा दम कुणाला नसतो. दोन दिवसांपेक्षा जास्त झोपून राहू नका, कमरेचा पट्टा गाडीत आणि ओझं उचलताना तेवढाच. रोज टाचांवर दहा पावलं आणि चवड्यांवर दहा पावलं चालून बघा. जमेनासं झालं तर ताकद चालली, दाखवायला उशीर नको.

बसायची जागा बधिर झाली, लघवी अडकली किंवा नकळत होऊ लागली, तर त्याच रात्री मोठं रुग्णालय गाठायचं. अमावास्या टळू द्या, सोमवार येऊ द्या, असलं काही चालत नाही. ऑपरेशन एक-दोन दिवसांत झालं नाही तर लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो.