खारं सोसणारं जनुक आणि भाताचा वाण: या चुका टाळा

पेण-अलिबागच्या खारपट्ट्यात बियाण्याचं बोलणं निघालं की एक प्रश्न ठरलेला: "खारं पाणी सोसणारं जनुक सापडलंय ना? मग घाला की आपल्या भातात!" मागणी रास्त आहे. पण जनुकाचा गुण कुठल्याही वाणात तेवढाच उतरतो, ही त्यामागची समजूत चुकीची आहे.

साल्टॉलचंच बघा. भाताच्या पहिल्या गुणसूत्रावरचा हा तुकडा केरळच्या पोक्काळी भातातला. मुळांतून वर चढणारा सोडियम तो पानांपर्यंत फारसा जाऊ देत नाही. पण पोक्काळीची ताकद एकट्या साल्टॉलची नव्हे. तो उंच, जोमाने वाढणारा भात. अंगात शिरलेलं मीठ त्या वाढीतच विरळ होतं. साल्टॉल दुसऱ्या वाणात नेला की हे सगळे सोबती मागे राहतात.

मी स्वतः इथे घसरलो आहे. साल्टॉल घातलेल्या नव्या वाणाची रोपं मिठाच्या पाण्यात एकटीच ठेवली. पानांची टोकं पांढरी पडली, मग सुरळी झाली, आणि मी वहीत लिहिलं, 'जनुक निकामी'. पुढच्या खेपेला शेजारी मूळ वाण, म्हणजे ज्यात साल्टॉल घातला तो साधा वाण, ठेवला, तर तो कितीतरी आधी आडवा झाला! म्हणून नवा वाण, मूळ वाण आणि पोक्काळी हे तिन्ही एकाच पाण्यात, एकाच दिवशी लावा.

तरीही रोप तगलं नाही, तर जनुक खरोखर आलंय का ते आधी प्रयोगशाळेतून तपासून घ्या. मग पार्श्वभूमी, म्हणजे रोपातली बाकीची जनुकं, बघा. पहिल्या संकरात मूळ वाणाचा वाटा 50 टक्के. पुन्हा पुन्हा मूळ वाणाशीच संकर केला की तो सरासरी 75, 87.5, 93.75 असा वाढतो. उरलेल्या थोड्या टक्क्यांतही जनुकाला चिकटून नको ते गुण येऊ शकतात. शिवाय साल्टॉलचा आधार मुख्यतः रोपावस्थेत. फुलोऱ्यात उधाणाचं पाणी उघाडीतून (बांधातल्या पाण्याच्या दारातून) आत शिरलं आणि लोंब्या पोचट राहिल्या, तर दोष त्याच्या माथी मारू नका.

दुसरी चूक बेरजेची. आई-वडिलांपैकी एकाकडूनच आलेलं सिकलसेलचं जनुक हिवतापापासून वाचवतं, अल्फा थॅलसेमिया हा रक्ताचा आनुवंशिक दोषही वाचवतो. मग दोन्ही असले तर दुप्पट संरक्षण? केनियाच्या किनाऱ्यावरच्या, 2005 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उलटं दिसलं: दोन्ही एकत्र आले की संरक्षण जवळजवळ नाहीसं होतं. पण ज्याला सिकलसेलचा आजारच आहे, त्याच्यात हाच अल्फा थॅलसेमिया रक्तक्षय कमी करतो. पालघरच्या पाड्यांवर तपासणीचे अहवाल समजावून सांगणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवायलाच हवं. अहवालातल्या एका ओळीवरून आजार किती त्रास देईल ते सांगता येत नाही.

तिसरी चूक नैसर्गिक निवडीबद्दलची: उपयोगी उत्परिवर्तन कधीही आलं तरी लगेच कामी येतं, असं धरून चालणं. अमेरिकी जीवशास्त्रज्ञ रिचर्ड लेन्स्की यांनी 1988 मध्ये ई. कोलाय जिवाणूंचे 12 गट वाढवायला घेतले. प्राणवायू असतानाही सायट्रेट (लिंबातल्या आम्लाचं रूप) खाण्याची क्षमता एकाच गटात आली, तीही सुमारे 31,500 पिढ्यांनी. गोठवून ठेवलेले जुने नमुने पुन्हा वाढवले, तेव्हा ती जवळजवळ फक्त नंतरच्या पिढ्यांतून उगवली. आधीच्या बदलांनी जमीन तयार केली होती.

यंदा तुलना लावणार असाल, तर राबात (रोपवाटिकेत) पेरण्याआधीच तिन्ही बियाण्यांच्या पिशव्यांवर नावं घाला आणि वाफेही वेगळे ठेवा. आवण (लावणीची रोपं) उपटून मुठी बांधल्या की पानं बघून वाण ओळखणं कठीण.