विषाणूचा पेशीप्रवेश रोखणाऱ्या औषधांचे स्क्रीनिंग : नव्याने येणाऱ्यांसाठी

सांगलीत सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करून मी पुण्यातील एका विषाणू प्रयोगशाळेत रुजू झाले, तेव्हापासून गावाकडे एक प्रश्न हमखास विचारला जातो : आपल्या हळदीची चाचणी घेता की नाही? त्याचे उत्तर देण्यासाठी आधी काम समजून घ्यावे लागते.

विषाणूला पेशीबाहेरच अडवता येते, हे एचआयव्हीवरील दोन औषधांनी दाखवून दिले आहे. २००३ मध्ये मान्यता मिळालेले एन्फुव्हिर्टाइड विषाणूचे आवरण आणि पेशीपटल यांचे मीलन रोखते, तर २००७ मधील मॅराव्हिरॉक पेशीवरील सीसीआर५ या ग्राहीशी (रिसेप्टरशी) जोडले जाते. नव्या संयुगांच्या शोधात मात्र सुरुवातीला घातक विषाणू सहसा हाताळावा लागत नाही. एचआयव्हीच्या किंवा व्हीएसव्ही या जनावरांतील विषाणूच्या सांगाड्यावर अभ्यासातील विषाणूचे पृष्ठप्रथिन बसवून आणि आत ल्युसिफरेज या प्रकाश निर्माण करणाऱ्या विकराचे (एन्झाइमचे) जनुक ठेवून स्यूडोव्हायरस, म्हणजे नकली विषाणू, तयार करतात. तो पेशीत शिरतो, परंतु पुढची पिढी निर्माण करू शकत नाही, म्हणून बीएसएल-२ दर्जाची (मध्यम जैवसुरक्षा पातळीची) प्रयोगशाळा पुरते. ९६ वेलच्या (छोट्या खळग्यांच्या) प्लेटमध्ये पेशी, संयुग आणि स्यूडोव्हायरस एकत्र आणून साधारण दोन दिवसांनी प्रकाश मोजला जातो.

खरे काम प्रकाश कमी दिसल्यानंतर सुरू होते. प्रवेश थांबला असेल, पेशी मेल्या असतील, संयुगाने ल्युसिफरेजच निष्क्रिय केले असेल किंवा प्रवेशानंतरचा एखादा टप्पा अडला असेल. म्हणून त्याच मात्रांवर पेशींची जीवनक्षमता वेगळी मोजावी लागते आणि व्हीएसव्हीचे जी प्रथिन बसवलेला दुसरा स्यूडोव्हायरस सोबत चालवावा लागतो. संयुगाने दोघांनाही सारखेच रोखले, तर त्याचा परिणाम आपल्या प्रथिनापुरता आहे असे म्हणता येत नाही. संयुग संसर्गाआधी, संसर्गाच्या वेळी आणि काही तासांनी देऊन पाहिले, की कोणता टप्पा अडतो याचा अंदाज येतो.

आता हळद. तिच्यातील कर्क्युमिन हे रंगद्रव्य स्वतःच हिरवट चमकते, त्यामुळे जीएफपी या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनावर आधारित चाचणीत गोंधळ होतो; ते अनेक प्रथिनांशी अविशिष्टपणे जोडले जाते, आणि ३७ अंशांच्या उदासीन बफरमध्ये अर्ध्या तासात त्याचा बहुतांश भाग विघटित होतो. त्यामुळे ते प्लेटवर वारंवार ‘यशस्वी’ ठरते आणि औषध म्हणून पुढे जात नाही. सातारा-सांगलीकडील अनेक विद्यार्थी वनस्पतींच्या अर्कांवर प्रकल्प करतात, त्यांनी अर्कातील टॅनिन या तुरट द्रव्याकडेही याच संशयाने पाहावे.

पेशींची निवड हा दुय्यम प्रश्न समजू नये. २०२० मध्ये हायड्रॉक्सीक्लोरोक्वीनने माकडाच्या मूत्रपिंडातून आलेल्या व्हेरो पेशींत करोना विषाणूला रोखले, पण मानवी फुप्फुसाच्या कॅलू-३ पेशींत ते निष्प्रभ ठरले, कारण तेथे टीएमपीआरएसएस२ या विकरामुळे विषाणूला एंडोसोमच्या (पेशीतील पिशवीच्या) आम्लतेवर, जी हे औषध कमी करते, अवलंबून राहावे लागत नाही.

रुजू होण्यापूर्वी पेशीसंवर्धनाचा हात बसवून घ्यावा, पेशीसंवर्धनात शिरणाऱ्या मायकोप्लाझ्मा या जिवाणूची तपासणी शिकावी, आणि कडेच्या वेलमधून बाष्पीभवन अधिक होते म्हणून तेथे संयुगे न ठेवता केवळ माध्यम भरण्याची सवय लावावी. मुलाखतीत उपकरणांची नावे सांगण्यापेक्षा आपल्या प्रकल्पातील प्रत्येक कंट्रोल (तुलनेसाठीची चाचणी) कशासाठी होता हे सांगता आले, तर त्याचे वजन जास्त पडते, असे माझे निरीक्षण आहे.