सनदेपासून न्यायदंडाधिकाऱ्याच्या खुर्चीपर्यंत: सोलापुरातून तयारी करणाऱ्यांसाठी

न्यायाधीश व्हायचंय म्हणणाऱ्या नव्या वकिलांचा पहिला गोंधळ ‘नेमतं कोण?’ इथेच होतो. परीक्षा एमपीएससी (महाराष्ट्र लोकसेवा आयोग) घेते, म्हणून नोकरीही तिच्याच हातातली वाटते. कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश व प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी हे एकच पद. त्याची निवड आयोग करतो, नेमणूक राज्यपालांची (राज्यघटनेचं कलम २३४), आणि खुर्चीत बसल्यावर बदली, रजा, बढती, शिस्त सगळं उच्च न्यायालयाकडे (कलम २३५).

या पदाच्या वर वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश. तिथे दाव्याच्या रकमेला मर्यादा नाही. मग जिल्हा न्यायाधीश, तोच फौजदारीत सत्र न्यायाधीश. इथे ५० टक्के जागा बढतीच्या, २५ टक्के सेवेतल्या न्यायाधीशांसाठीच्या मर्यादित विभागीय परीक्षेच्या, २५ टक्के थेट भरतीच्या. थेट भरती मात्र उच्च न्यायालय स्वतः करतं, आयोग नाही. त्याला सात वर्षांची वकिली लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाच्या ऑक्टोबर २०२५ च्या निकालानंतर वकिली आणि न्यायिक सेवा मिळून सात वर्षं भरली तरी चालतात.

‘आता कोल्हापूरला वेगळं हायकोर्ट झालं’ हेही बाररूममध्ये ऐकू येतं. तसं नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून तिथे मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसतं, सोलापूरसह सहा जिल्ह्यांसाठी. मुंबईला जायला रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस पकडण्याची वकिलांची धावपळ त्याने कमी केली. मुख्य न्यायमूर्ती एकच.

खरी अडचण कनिष्ठ स्तराच्या परीक्षेला लागणाऱ्या तीन वर्षांच्या वकिलीची. सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ ला ही अट परत आणली. दिवस तात्पुरत्या सनदेपासून (वकिलीच्या परवान्यापासून) मोजतात. वकिली केल्याचा दाखला किमान दहा वर्षं वकिली केलेल्या वकिलाचा चालतो, पण त्यावर जिल्ह्याच्या किंवा त्या ठिकाणच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याची सही-शिफारस हवी. नेमकं इथेच अडतं. ज्युनिअर तीन वर्षं रोज कोर्टात असतो, तारखा घेतो, बेलिफाच्या मागे फिरतो. पण वकीलपत्रावर सही सिनिअरची, रोजनाम्यातही (कोर्टाच्या रोजच्या नोंदीत) नाव सिनिअरचं. कागदावर हा पोरगा कुठेच नाही!

म्हणून पहिल्या दिवसापासून वकीलपत्रावर सिनिअरच्या सहीखाली आपलीही सही घाला. मागायला लाजू नका. एका वहीत तारीख, काम काय केलं आणि सीएनआर क्रमांक (प्रत्येक प्रकरणाचा स्वतंत्र ओळख क्रमांक) लिहा. तो सोळा अक्षरांचा असतो, आपल्या जिल्ह्याचा एमएचएसओने सुरू होतो, शेवटचे चार आकडे वर्षाचे. क्रमांक असला की प्रकरण ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर केव्हाही उघडतं. ‘दिवाणी दावा, बार्शी’ एवढ्याच नोंदीवर काहीच सापडत नाही.

शक्य असेल तर पहिलं वर्ष तालुका कोर्टात काढा, मोहोळ किंवा सांगोला. जिल्हा कोर्टात एकाच प्रकारच्या कामात अडकायला होतं; तालुक्याला एकाच बोर्डावर (दिवसाच्या प्रकरणांच्या यादीवर) मनाई हुकूम, पोटगी, न वटलेले धनादेश, मारामारी सगळं येतं.

परीक्षेचं गणित सोपं: पूर्व १०० गुणांची, फक्त चाळणीपुरती, मुख्य परीक्षेचे दोन पेपर प्रत्येकी १००, मुलाखत ५०. जुन्या नोट्स तपासून घ्या. प्रथम वर्ग दंडाधिकाऱ्याची दंडाची मर्यादा त्यांत अजून दहा हजार दिसते. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ती पन्नास हजार आहे, कैद मात्र तीन वर्षंच. आणि १ जुलै २०२४ च्या आधीच्या गुन्ह्यांना भारतीय दंड संहिताच लागू राहते, तेव्हा ती पुस्तकं रद्दीत घालू नका.